आकाशगंगेच्या गाभ्यातील किरण

मे महिन्याच्या उत्तररात्री आनेकलच्या एखाद्या माळावर उभे राहून दक्षिणेकडे पाहावे. बंगळूरच्या दिव्यांचा उजेड पाठीशी राहतो आणि समोर, क्षितिज व माथा यांच्या साधारण मध्यावर, धनू राशीचे तारे दिसतात. त्या दिशेस सुमारे 26,000 प्रकाशवर्षांवर आपल्या आकाशगंगेचे केंद्र आहे. शेजारच्या नक्षत्रास आपल्या पूर्वजांनी ‘मूळ’ म्हटले, हा योगायोग मौजेचा खरा; त्यातून अधिक अर्थ काढू नये.

विश्वकिरण वरून येतात, हे व्हिक्टर हेस यांनी 1912 साली बलूनमधून पाच किलोमीटरांहून उंच जाऊन दाखविले. पण ते कोठून निघतात? हे किरण म्हणजे बहुतांशी प्रोटॉन, विद्युत्भारित कण. आकाशगंगेतील चुंबकीय क्षेत्रे त्यांस इतकी वळणे देतात की, त्यांच्या दिशेवरून उगम सांगता येत नाही. पत्र हाती पडावे आणि टपालाचा शिक्का पुसलेला असावा, तसा हा प्रकार. गॅमाकिरणांस विद्युत्भार नसल्यामुळे ते सरळ येतात. वेगवान प्रोटॉन वायूच्या ढगावर आदळला म्हणजे असे किरण निर्माण होतात व प्रोटॉनच्या ऊर्जेचा सुमारे दशांश घेऊन निघतात.

वातावरणात शिरताच गॅमाकिरणापासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांचा वर्षाव होतो. त्याचे गणित भाभा व हाइटलर यांनी 1937 साली मांडले; पुढे भाभांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतच विश्वकिरणांचे संशोधन केले. वर्षावातून उठणारी निळसर चेरेन्कोव्ह चमक सेकंदाच्या काही अब्जांशांपुरतीच टिकते. ती टिपण्यासाठी लडाखमधील हानले येथे, सुमारे 4,270 मीटर उंचीवर, 21 मीटर व्यासाची ‘मेस’ दुर्बीण उभारली असून 2024 साली तिचे उद्घाटन झाले. तेथून मात्र हे केंद्र क्षितिजावर तीस अंशही चढत नाही; नामिबियात ते जवळजवळ माथ्यावर येते.

नामिबियातील ‘हेस’ वेधशाळेने 2016 साली जाहीर केले की, केंद्राभोवतालच्या प्रोटॉनांची ऊर्जा एकावर 15 शून्ये इतक्या इलेक्ट्रॉन-व्होल्टांपर्यंत पोचत असावी. संशय आहे तो तेथील, सूर्याच्या सुमारे 40 लक्ष पट वस्तुमानाच्या कृष्णविवरावर. परंतु त्याची आजची क्रियाशीलता आपल्याकडे येणाऱ्या अशा सर्व विश्वकिरणांस पुरी पडत नाही. पूर्वी ते अधिक जागृत असेल, तरच हिशेब जुळतो.