जुनी आगगाडी, नवा बाजार

बेळगावच्या चाळिशी ओलांडलेल्या माणसाला 'गेज' म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. मिरज-लोंढा मार्गावरची मीटर गेजची गाडी आपण पाहिली आहे आणि नव्वदच्या दशकात तिथे ब्रॉडगेज आल्याचेही पाहिले आहे. दोन रुळांमधले अंतर १००० मिलिमीटरचे १६७६ मिलिमीटर झाले आणि धडधाकट इंजिने-डबे या मार्गाला निरुपयोगी झाले. टेबलावर धावणाऱ्या छोट्या आगगाड्यांच्या छंदातही नेमके हेच होते. वस्तू उत्तम असते, पैसेही मोजलेले असतात. पण ती आपल्या रुळावर चालत नाही.

हा छंद मूळचा युरोपातला. आपल्याकडे त्याची ओळख बहुतेकांना पुण्यात होते. कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले झाले. सुट्टीत मुलांना तिथे नेले की परतीच्या प्रवासात "बाबा, आपल्याकडे का नाही?" हा प्रश्न हमखास येतो. नवा संच महाग, आपल्या गावात दुकान नाही. मग बाबा मोबाईलवर जुन्या मालाचा शोध सुरू करतात. मी स्वतः बारा-तेरा वर्षे या बाजारात घेणारा म्हणून आणि थोडाफार विकणारा म्हणून वावरतो आहे. त्या अनुभवातून काही गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्यात असे वाटते.

नाव तेच, रूळ वेगळे

पहिला खड्डा नावाचा. 'हॉर्नबी' हे नाव सगळ्यांना ठाऊक असते. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीने १९२० मध्ये गाड्या विकायला सुरुवात केली. त्या किल्लीच्या आणि आकाराने मोठ्या, ३२ मिलिमीटर रुळाच्या. १९३८ मध्ये 'हॉर्नबी डब्लो' हा लहान आकार आला. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटरचे, पण मध्ये वीज पुरवणारा तिसरा रूळ. दोन रुळांची पद्धत त्यांनी १९५९ मध्ये आणली. म्हणजे पेटीवर नाव एकच, आणि आत तीन निरनिराळ्या दुनिया! 'जुनी हॉर्नबी, उत्तम स्थिती' एवढ्या वर्णनावर पैसे पाठवले आणि घरी आलेले इंजिन आजच्या संचावर ठेवले, तर ते जागचे हलणारही नाही.

जर्मनीच्या मेर्क्लिन कंपनीचे तसेच. तिच्या प्रसिद्ध एचओ गाड्या मधून वीज घेतात आणि दोन्ही बाजूंची चाके विजेच्या दृष्टीने जोडलेली असतात. असे इंजिन साध्या दोन रुळांवर ठेवले की शॉर्ट सर्किट ठरलेले. आणखी एक घोटाळा प्रमाणाचा. ब्रिटिश 'ओओ' गाड्या मूळ गाडीच्या सुमारे ७६ पट लहान, तर युरोप-अमेरिकेतल्या 'एचओ' गाड्या ८७ पट लहान. दोन्ही धावतात १६.५ मिलिमीटर रुळावरच. पण एकाशेजारी एक उभ्या केल्या की एका घरातली दोन माणसे वाटत नाहीत. अमेरिकेतून आलेल्या संचाचा ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात घातला तर धूर इंजिनातून नव्हे, भिंतीपाशी निघेल.

म्हणून पैशाचा विषय काढण्यापूर्वी विचारायचे प्रश्न हेच: रूळ किती मिलिमीटरचा, दोन रुळांची की तीन, वीज एसी की डीसी, इंजिनात डिजिटल चिप आहे का? ज्याला ही उत्तरे देता येत नाहीत तो लबाडच असतो असे नाही. त्याला मालाची माहिती नसेल. पण त्याच्या अज्ञानाची किंमत आपण का मोजायची?

फोटोत न दिसणारे

कन्नडमध्ये म्हणतात ना, 'बेळ्ळगिरोदेल्ला हालल्ल'. फोटोत रंग दिसतो, यंत्र दिसत नाही. एका परराज्यातल्या विक्रेत्याकडून मी इंजिन मागवले होते. 'नव्यासारखे, चालू स्थितीत' असे त्याने लेखी कळवले. उलटे धरून चाके फिरवल्याचा तीन सेकंदांचा व्हिडिओही पाठवला. घरी रुळावर ठेवले तर प्रत्येक फेऱ्याला टक-टक असा आवाज आणि लंगडी चाल. आतला प्लॅस्टिकचा गिअर धुऱ्यावर चिरलेला होता. जुन्या इंजिनांत हा दोष नेहमीचा आहे, आणि उलटे धरून चाके मोकळी फिरवली की तो लपतो. विक्रेत्याने त्यानंतर फोन उचलला नाही. तेव्हापासून माझी मागणी ठरलेली आहे. इंजिन रुळावर, मागे दोन-तीन डबे, अगदी हळू वेगात पुढे आणि मागे, असा एक मिनिटाचा न तोडलेला व्हिडिओ हवा. शेजारी त्या दिवसाचे वर्तमानपत्रही ठेवायला सांगावे. दुसऱ्याचे फोटो चोरून जाहिरात देणाऱ्यांची तिथेच अडचण होते.

जाहिरातींची भाषाही शिकून घ्यावी लागते. 'तपासलेले नाही' याचा अर्थ बहुधा 'तपासले, चालत नाही' असा घ्यावा. 'सुट्या भागांसाठी' म्हणजे भंगार. 'दुर्मीळ' या शब्दाला तर काहीच अर्थ उरलेला नाही.

एक रोग मात्र फोटोतही कधीकधी दिसतो. महायुद्धापूर्वीच्या अनेक गाड्यांचे ओतीव भाग जस्ताच्या मिश्रधातूचे आहेत. त्यात शिसे किंवा तत्सम अशुद्धी राहिली असेल तर धातू वर्षानुवर्षे आतून फुगतो, बारीक चिरा पडतात आणि शेवटी तो बिस्किटासारखा कुस्करतो. यावर उपाय नाही. चाके, इंजिनाचा सांगाडा यांचे जवळून काढलेले फोटो मागावेत आणि चिरा दिसल्या तर नमस्कार करून बाजूला व्हावे.

ईबेचे खास भारतातले संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले, त्यामुळे तिथला माल परदेशातून मागवावा लागतो. लिलावात शेवटच्या दहा सेकंदांत बोली चढते आणि माणसाचे भान सुटते. आपली कमाल रक्कम आधी कागदावर लिहून ठेवावी, आणि त्या रकमेत टपालखर्च व सीमाशुल्क धरावे. भारताने खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केले. पार्सलला नेमका कोणता दर लागेल हे कुरिअर कंपनीला आधीच विचारावे. 'गिफ्ट म्हणून पाठवतो' असे सुचवणाऱ्या विक्रेत्याला नाही म्हणावे. ती चलाखी नाही, खोटे विवरण आहे, आणि ते निस्तरावे लागते आपल्याला.

विकणाऱ्याच्या घरातले

विकणाऱ्याची बाजू मला कळली ती आमच्या कन्नड विभागातल्या एका सहकाऱ्यामुळे. त्यांचे वडील हुबळीला रेल्वेत नोकरीला होते. इंग्लंडला असलेल्या भावाने वेळोवेळी पाठवलेली चौदा इंजिने आणि चाळीसेक डबे त्यांनी लोखंडी कपाटात जपले होते. वडील गेले. पुढे आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी पैशाची गरज पडली आणि कपाट विकायचे ठरले. जाहिरात दिली त्याच संध्याकाळी फोन आला: "सगळे मिळून पंधरा हजार. उद्या माणूस पाठवतो. दुसऱ्या कोणाला सांगू नका." शेवटचे वाक्य ऐकून सहकारी माझ्याकडे आले, "सर, हे बरोबर वाटते का तुम्हाला?"

आम्ही तीन रविवार बसून यादी केली. कंपनी, रूळ, अंदाजे काळ, मूळ पेटी आहे की नाही, चालते की नाही. त्यांच्या मुलाने हौसेने पॉलिश काढले होते, ते आधी परत ठेवायला लावले. संग्राहकाला मूळ रंग हवा असतो, चकाकी नव्हे. फाटक्या पुठ्ठ्याच्या पेट्या रद्दीत जाणार होत्या, त्याही वाचवल्या. दोन डब्यांच्या धातूला चिरा होत्या. तसे जाहिरातीत स्पष्ट लिहिले. सात महिन्यांत माल थोडा थोडा गेला आणि रक्कम पंधरा हजारांच्या चौपटीहून अधिक झाली.

त्यातही एक प्रसंग आलाच. 'इंजिन तुटलेले पोचले, पैसे परत करा' म्हणून एका ग्राहकाने फोटो पाठवला. आम्ही प्रत्येक इंजिनाच्या तळाचा फोटो आधी काढून ठेवला होता. फोटोतल्या इंजिनावर आमच्या इंजिनाचा ओरखडाच नव्हता. ते निराळेच होते! पुरावा पाठवताच तक्रार थांबली.

आईंनी एक इंजिन मात्र विकू दिले नाही. "अवर जीवा अदराग इत्तु," एवढेच म्हणाल्या. यादीतला तो आकडा आम्ही खोडून टाकला.

पैसे आणि पार्सल

जुन्या मालाच्या बाजारात 'मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, क्यूआर कोड पाठवतो' असे सांगणारे भामटे अनेकांना भेटले आहेत. एक नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा: पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. फसगत झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे; जितका उशीर, तितकी रक्कम हाती लागणे कठीण.

पार्सल बांधताना इंजिन पेटीत खुळखुळता कामा नये. आतली पेटी मऊ कागदात, ती दुसऱ्या मोठ्या खोक्यात, मध्ये चारही बाजूंनी भरण. मौल्यवान वस्तूचा विमा उतरवावा. घेणाऱ्याने खोके उघडतानाचा व्हिडिओ काढावा. वाद झाला तर तोच साक्षीदार.

इतके सगळे वाचून कोणी म्हणेल, मग या फंदात पडावेच कशाला? माझे उत्तर असे की या बाजारात चांगली माणसेही भरपूर आहेत. न मागता दोष सांगणारे आणि सुटा स्क्रू वेगळ्या पाकिटात घालून पाठवणारे विक्रेते मला भेटले आहेत. त्यांना ओळखायची खूण सोपी आहे: प्रश्न विचारला तर ते चिडत नाहीत. विकायची वेळ आपल्यावर येईल तेव्हा आपणही तसेच वागावे. कारण जुनी आगगाडी घेणाऱ्या माणसाच्या मागे बहुतेक वेळा दारात उभे राहून कुरिअरची वाट पाहणारे एक मूल असते.