हाताच्या दाबावर जुळणारं प्लास्टिक

पिस्तुलासारखी मूठ, पुढे धातूचं टोक, मागून निघालेली केबल आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला टेबलावर ठेवलेला एक डबा. हातात धरायचं अल्ट्रासॉनिक वेल्डिंग यंत्र दिसायला एवढंच. यात ज्योत नाही, तापलेली तार नाही, गोंद नाही. टोक प्लास्टिकवर टेकवायचं, ट्रिगर दाबायचा, आणि एखाद्या सेकंदात दोन तुकड्यांचा एक होतो. प्लास्टिक वितळतं ते माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या कंपनांनी.

कंपनांची ही करामत लक्षात आली ती अमेरिकेत, योगायोगाने. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट सोलॉफ ब्रॅन्सन इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीच्या प्रयोगशाळेत पातळ प्लास्टिक फिल्म ध्वनिकंपनांनी चिकटवण्यावर काम करत होते. कंपणारं टोक चुकून टेबलावरच्या चिकटपट्टीच्या डिस्पेन्सरला लागलं आणि त्याचे दोन अर्धे भाग एकमेकांना जुळून बसले. जुळले ते मात्र टोक लागलं तिथेच नव्हे, कडेकडेने दूरपर्यंत. कडक प्लास्टिकमधून कंपनं प्रवास करतात आणि जिथे दोन पृष्ठभाग भेटतात तिथे उष्णता सोडतात, हे सोलॉफनी ओळखलं. सेमूर लिन्सली यांच्याबरोबर त्यांना 1965मध्ये या पद्धतीचं पेटंट मिळालं. डिस्पेन्सर चिकटला म्हणून वैतागून तो फेकून न देता तो का चिकटला हे शोधत बसणारा माणूस तिथे होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता डब्याकडे वळू. भिंतीतल्या सॉकेटमधली वीज 50 हर्ट्झची असते. डब्यातला जनरेटर तिची वारंवारता 28, 35 किंवा 40 हजार हर्ट्झवर नेतो. ही वीज केबलमधून मुठीतल्या सिरॅमिकच्या चकत्यांना मिळते. काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते, हे पिएर आणि झाक क्युरी या भावांनी 1880मध्ये दाखवलं. इथे तोच गुण उलट्या दिशेने वापरलेला असतो. वीज दिली की चकती जाड-पातळ होते, सेकंदाला हजारो वेळा. मात्र सिरॅमिक दाब सोसतं, ताण सोसत नाही. म्हणून चकत्या धातूच्या दोन ठोकळ्यांमध्ये बोल्टने घट्ट आवळून ठेवतात. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी पॉल लांजवँ यांनी पोलादी पट्ट्यांमध्ये क्वार्ट्झ बसवलं होतं, त्या रचनेचा हा वंशज.

चकत्यांची हालचाल अगदीच लहान असते. ती वाढवण्याचं काम पुढचं धातूचं टोक करतं. कारखान्यात त्याला हॉर्न म्हणतात. टायटॅनियमचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा हा दांडा मागे जाड आणि पुढे निमुळता असतो, म्हणून टोकाशी हालचाल मोठी होते. मोठी म्हणजे काही डझन मायक्रॉन, बहुतेकदा केसाच्या जाडीहूनही कमी. हॉर्नची लांबी मनाला येईल तशी ठेवता येत नाही. ती त्या धातूतल्या ध्वनिलहरीच्या लांबीच्या निम्मी लागते. टायटॅनियममध्ये ध्वनी सेकंदाला साधारण 5 किलोमीटर जातो. त्यामुळे 20 हजार हर्ट्झला हॉर्न सुमारे साडेबारा सेंटिमीटरचा होतो, 40 हजारला सहाच्या आसपास. हातात धरायची यंत्रं वरच्या वारंवारतेवर चालतात त्याचं मुख्य कारण हेच: सगळी जोडणी आखूड आणि हलकी होते. त्याची किंमत म्हणजे ताकद कमी. मोठा जॉब 20 हजारच्या बैठ्या यंत्रावरच न्यावा लागतो.

चाकण, तळेगाव, रांजणगावच्या पट्ट्यात गाड्यांचे प्लास्टिकचे भाग बनतात. बंपरच्या आतल्या बाजूला पार्किंग सेन्सरचा ब्रॅकेट बसवणं हे अशा बंदुकीचं अगदी नमुनेदार काम. बंपर अवाढव्य, वाकडातिकडा. तो यंत्राखाली नेण्यापेक्षा यंत्रच त्याच्याकडे नेणं सोपं. हॉर्नचं टोक अणकुचीदार असतं. ते वरचा थर वितळवत पार जातं आणि खालच्या थरात थोडंसंच शिरतं. वितळलेलं प्लास्टिक दोन्ही थरांच्या मध्ये पसरतं, काही वर येऊन टोकाभोवती कडं धरतं. जरा खोल गेलं की बंपरच्या रंगवलेल्या बाजूला डाग उमटतो आणि अख्खा बंपर रिजेक्ट होतो.

इथेच या यंत्राची खरी गोष्ट सुरू होते. चांगल्या वेल्डला तीन गोष्टी लागतात: कंपन किती, वेळ किती आणि दाब किती. कंपन आणि वेळ डबा सांभाळतो. हॉर्न तापला की त्याची नैसर्गिक वारंवारता सरकते. चांगला जनरेटर तीही आपोआप पकडत राहतो. बैठ्या यंत्रात दाब हवेचा सिलिंडर देतो, दर वेळी सारखा. बंदुकीत तो माणसाचा हात देतो. फार दाबलं की हॉर्नला हलता येत नाही आणि जनरेटर ओव्हरलोड दाखवून बंद पडतो. कमी दाबलं की टोक पृष्ठभागावर थडथडतं, वरून प्लास्टिक जळतं आणि सांधा आत कच्चाच राहतो. तिरकं धरलं की एकच बाजू जुळते. कंपन थांबल्यावरही क्षणभर दाब तसाच ठेवावा लागतो, कारण आतलं प्लास्टिक अजून मऊ असतं. नवा माणूस नेमका तेव्हाच हात उचलतो. अनुभवी ऑपरेटर टोक खाली बसल्याचं मनगटाला जाणवेपर्यंत थांबतो. हे कौशल्य पगारपत्रकात कुठे दिसत नाही, आणि ते दिसायला हवं असं मला मनापासून वाटतं.

प्रत्येक प्लास्टिक मात्र सारखं वागत नाही. एबीएस, पॉलिकार्बोनेट आणि अ‍ॅक्रिलिक कंपनं छान पुढे नेतात, हळूहळू मऊ होतात, सहज जुळतात. पॉलिप्रोपिलीन कंपनं वाटेतच गिळतं, त्यामुळे हॉर्न सांध्याच्या जवळ ठेवावा लागतो. नायलॉनचं दुखणं वेगळं. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि वेल्ड करताना त्या पाण्याची वाफ होऊन सांध्यात बुडबुडे पडतात. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेला नायलॉनचा जॉब वेल्डिंगला घेण्याआधी वाळवावा हेच बरं. बेकेलाइट किंवा मेलामाइन तापवल्यावर वितळतच नाहीत. तिथे हे यंत्र हतबल आहे.

सांधा वरून चकचकीत दिसला म्हणून पास करता येत नाही. नमुन्याचे तुकडे व्हाइसमध्ये धरून ओढून तोडतात. सांधा आहे तसा राहून शेजारचं प्लास्टिक फाटलं, तर वेल्ड पक्का. दोन्ही तुकडे सांध्यावरच अलगद सुटले आणि पृष्ठभाग गुळगुळीत निघाला, तर तिथे प्लास्टिक वितळलंच नव्हतं. मग ऑपरेटर डब्यावरची वेळ थोडी वाढवतो, हॉर्न मुठीला जोडणारा स्टड आवळून पाहतो आणि पुढचा नमुना लावतो.