उजळाईवाडी ते चिपी

पहाटे ५.३०. गाडी धुतली, चाकांतली हवा बघितली. आज घाटाचं भाडं, म्हणून ब्रेक दोनदा दाबून पाहिला. पोरगा मोबाइल घेऊन मागं उभा. "पप्पा, कोल्हापूर ते चिपी ११० किलोमीटरच आहे की!" दोन विमानतळांमध्ये सरळ रेघ मारली तर तेवढंच भरतं. एटीआर विमान ताशी ५०० च्या आसपास उडतं, म्हणजे ही रेघ तेरा-चौदा मिनिटांची. फक्त या रेघेवरून थेट विमान जात नाही, मी जातो.

सकाळी ९.३०. उजळाईवाडी. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झालेला हा कोल्हापूरचा विमानतळ. भाड्याला एक ताई आणि त्यांच्या आई, चिपीजवळच्या परुळ्याला जायचंय. ताईंनीही तोच आकडा पुढं केला. "दादा, एकशेदहा दाखवतंय, आणि तुम्ही तीनशेचे पैसे सांगताय?"

"ताई, ते विमानाचं. गाडीनं एकशेसाठच्या पुढं जातंय, आणि येताना मी रिकामाच."

हा वाद नेहमीचा. त्यांची चूक नाही. आकडा खोटा नसतो, तो फक्त चाकांचा नसतो.

११.३०. राधानगरी मागं पडली. रेघ दाजीपूरच्या आसपासच सह्याद्री ओलांडते, पण गाडीला वाटेल तिथून खाली उतरता येत नाही. गगनबावड्याकडून करूळ किंवा भुईबावडा, इकडून फोंडा, दक्षिणेला आंबोली. त्यातलंच एक दार निवडायचं.

दुपारी १२. फोंडा घाट. दुसरा गिअर आणि इंजिनाचा ब्रेक, बस्स. उतारावर न्यूट्रल टाकून डिझेल वाचवणारे पुढं गॅरेजवाल्याचं घर चालवतात. कोल्हापूर समुद्रापासून सुमारे ६०० मीटर उंच. ती उंची विमान हवेत सोडतं, मी ती एकेका वळणावर सोडतो. एका वळणावर मालानं भरलेला ट्रक पुढं, ओव्हरटेकला जागा नाही. माझी पंधरा मिनिटं गेली. मागून आजी म्हणाल्या, "घाट उतारलो काय घर इला." त्यांच्या लेकीनं मोबाइल पर्समध्ये टाकला.

कणकवली. जेवण, मासे, हात धुऊन पुढं. हायवेला कुडाळपर्यंत सांगण्यासारखं काही नाही. पिंगुळीवरून पाटच्या रस्त्याला लागलो, तसे ताईंनी काचा खाली केल्या.

दुपारी ३. आजींना परुळ्यात अंगणापर्यंत सोडलं. त्यांनी पिशवीतून कोकम काढून दिलं, भाडं ठरल्याप्रमाणे. मग दोन-तीन किलोमीटरवरच्या चिपीला चक्कर मारली, परतीचं कुणी मिळतंय का बघायला. २०२१ च्या ऑक्टोबरात सुरू झालेला हा विमानतळ जांभ्याच्या सड्यावर आहे. धावपट्टी अडीच हजार मीटर. उजळाईवाडीपेक्षा ती लांब, पण आज बाहेर गाड्याही मोजक्याच. कुणी नव्हतं. चहा घेतला.

संध्याकाळी ७. पुन्हा घाट, आता चढ. दाजीपूरच्या अलीकडं रस्त्यात गवा उभा. लाइट बारीक केली, इंजिन बंद केलं. हॉर्न वाजवायचा नसतो. तो हलेना. मागं एक एसटी येऊन थांबली, तिच्या ड्रायव्हरनंही दिवे बारीक केले. आम्ही दोघं काचा खाली करून बसलो, गव्याला कसलीच घाई नव्हती.