दर्शनानुभवाची तात्त्विक मीमांसा

दर्शनानुभव म्हणजे समोर बाह्य वस्तू नसताना रूप, प्रकाश, नाद किंवा ईश्वरी सान्निध्य यांची येणारी प्रत्यक्षासारखी प्रतीती होय. नामस्मरण, ध्यान, अंगात येणे तसेच मेस्कलिनसारख्या सायकेडेलिक द्रव्यांचे सेवन अशा भिन्न मार्गांनी ती येते. अशा अनुभवातून ज्ञान मिळते काय आणि मिळत असल्यास त्याची कसोटी कोणती, हा या मीमांसेचा मुख्य प्रश्न आहे.

धाराशिव जिल्ह्यातील परंपरा

जिल्ह्यात या अनुभवाचे दोन प्रकार दिसतात. तुळजापूर येथील तुळजाभवानीच्या उपासनेत आराधी व गोंधळी यांची परंपरा आहे. संबळाच्या तालावर भक्ताच्या अंगात देवीचा संचार होतो, अशी श्रद्धा आहे. येथे भक्ताचे ‘मी’पण बाजूला सरून देवीच बोलते, असे मानले जाते.

दुसरा प्रकार तेर येथील संत गोरा कुंभार यांच्याशी निगडित आहे. आख्यायिकेनुसार संतमेळ्यात मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबाकाकांनी मडकी पारखण्याच्या थापटण्याने प्रत्येक संताच्या मस्तकावर थापटून पाहिले व नामदेवांना ‘कच्चे मडके’ ठरविले. नामदेवांना विठ्ठलाचे साक्षात दर्शन होत असे. तरीही हा निर्णय झाला. पुढे विसोबा खेचर यांच्याकडून त्यांना ईश्वराच्या सर्वव्यापकतेचा बोध झाला. दर्शन घडणे हे पक्वतेचे पुरेसे प्रमाण नाही, असा या कथेचा तात्त्विक आशय आहे. भजनात तल्लीन असताना गोरोबांच्या पायाखाली त्यांचेच मूल तुडवले गेले, ही कथा तल्लीनता व कर्तव्य यांतील विरोध पुढे आणते.

रा. द. रानडे यांची मांडणी

तत्त्वज्ञ गुरुदेव रा. द. रानडे (१८८६–१९५७) यांनी ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ (१९३३) या इंग्रजी ग्रंथात मराठी संतांच्या अनुभवांची चिकित्सा केली. गोरा कुंभार यांचा विचार त्यांनी नामदेवकालीन संतांत केला आहे. त्यांच्या मते साक्षात्कार म्हणजे ईश्वराची थेट, अंतःप्रज्ञेने होणारी जाणीव होय. ही अंतःप्रज्ञा बुद्धी, भावना व इच्छाशक्ती यांच्या विरोधी नसून त्यांच्या मुळाशी असते. अशा अनुभवाला गूढ चमत्कारांशी जोडण्याचे कारण नाही, असेही त्यांनी म्हटले आहे.

पाश्चात्त्य गुह्यविद्या

रानडे यांनी नाकारलेल्या या संबंधाला तत्कालीन पार्श्वभूमी होती. १८७५ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या थिऑसफिकल सोसायटीचे संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की व कर्नल ऑल्कॉट १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईस आले. ‘द थिऑसफिस्ट’ हे मासिक त्याच वर्षी तेथून सुरू झाले. १८८२ च्या अखेरीस संस्थेचे केंद्र मद्रासजवळील अड्यार येथे गेले. या मतानुसार दिव्यदृष्टी ही सूक्ष्म लोकांचे ज्ञान देणारी व साधनेने विकसित होणारी शक्ती आहे. म्हणजे दर्शन हे माहितीचे साधन ठरते. संतपरंपरेत मात्र दृश्यापेक्षा द्रष्ट्याचे रूपांतर महत्त्वाचे असते.

सायकेडेलिक अनुभवाविषयीचा वाद

ऑल्डस हक्स्ली यांनी १९५३ मध्ये मेस्कलिन घेतले व पुढील वर्षी ‘द डोअर्स ऑफ पर्सेप्शन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. मेंदू जाणिवेला गाळणी लावतो आणि हे द्रव्य ती गाळणी सैल करते, असे त्यांचे प्रतिपादन होते. आर. सी. झेनर यांनी १९५७ मध्ये याचा प्रतिवाद केला. निसर्गाशी एकरूपतेची अनुभूती व ईश्वराशी प्रेमैक्य यांना एकच समजणे त्यांना मान्य नव्हते. स्टीव्हन कॅट्झ यांनी १९७८ मध्ये, अनुभवालाच साधकाची भाषा व परंपरा आकार देतात, असे मत मांडले. या मतानुसार तुळजापूरच्या भक्ताला भवानी व पंढरीच्या वारकऱ्याला विठ्ठल दिसणे हा योगायोग नाही.

मूल्यमापन

विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्ये सुचविलेली कसोटी फळाची आहे: अनुभवाचे मोल त्याच्या उगमावरून नव्हे, तर जीवनावरील परिणामांवरून ठरवावे. त्यांच्या मते असा अनुभव ज्याला येतो त्याच्यासाठी तो प्रमाण ठरू शकतो. इतरांवर तो बंधनकारक नसतो. या भेदाला सामाजिक महत्त्व आहे. अतींद्रिय शक्ती अंगात संचारल्याचे भासवून इतरांच्या मनात भीती निर्माण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.