गच्चीवरचं ऊन आणि बावचीचं तेल

ऊन अंगाला लावून घ्यायला कुणी पैसे मोजतं, हे नागपूरकराला सांगून पटायचं नाही. २३ मे २०१३ रोजी या गावाने ४७.९ अंश सोसले आहेत. इथल्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून सगळं तोंड ओढणीत गुंडाळतात आणि मगच स्कूटरला किक मारतात. युरोप-अमेरिकेत मात्र माणसं दिव्यांच्या पेटीत झोपून कातडी सावळी करून घेतात, पोळतात आणि मग घरी लेप शोधत बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००९ साली या पेट्या कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकल्या. ब्राझीलने त्याच वर्षी त्यांच्यावर बंदी घातली.

आपल्याला त्याचं काय, असं म्हणू नका. कातडीला रंग यावा म्हणून भाजून घेणारी माणसं आपल्याकडेही आहेत. फक्त ती हौसेने नव्हे, लाजेने भाजून घेतात. अंगावर कोड उठलेली माणसं.

बावचीचं बी आयुर्वेदाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यात सोरालेन असतं. ते कातडीत मुरलं की उन्हातले अतिनील किरण तिला जास्तच झोंबतात आणि त्यातून कधी कधी डागात रंग परततो. डॉक्टरांनीही सोरालेन आणि दिवे यांची जोडी वापरली. आता बहुधा सोरालेनशिवाय, ३११ नॅनोमीटरचे दिवे वापरतात. पण तिथे प्रकाश मोजून देतात. गच्चीवर मोजणार कोण?

मी बँकेत असताना आमच्या शाखेत एक मुलगी होती. भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालायची. मनगटावर रुपयाएवढा डाग, आणि घरात स्थळं बघणं चाललेलं. कुणीतरी सुचवलं म्हणून आईने बावचीचं तेल लावून तिला दुपारी गच्चीवर बसवलं. संध्याकाळी काहीच दिसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी थोडा वेळ बसवलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात फोडांनी भरला. त्यावर हळद झाली, टूथपेस्ट झाली आणि चक्क दौतीतली शाईसुद्धा! दवाखान्यात मात्र न्यायचं नाही. तिथे कुणी ओळखीचं भेटलं तर? (कोड हा महारोग नव्हे आणि तो स्पर्शाने पसरतही नाही, हे त्या घरातल्या शिकलेल्या माणसांनाही माहीत होतं. पण लग्नाच्या बाजारात माहितीला कोण विचारतो!)

खरी मेख इथे आहे. साधं उन्हाचं किंवा पेटीतलं भाजणंही काही तासांनी लाल होतं. सोरालेनचं तर दोन-तीन दिवसांनी भराला येतं. तेव्हा ‘काही झालं नाही’ हा संध्याकाळचा निर्वाळा धरू नये.

भाजलंच, तर आधी सावली. तेल साबणाने हलक्या हाताने धुवावं. मग गार पाण्याची ओली घडी दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. नळावर मात्र विसंबू नका. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून कढत पाणी येतं. माठातलं घ्यावं. बर्फ लावू नये. फोड फोडू नयेत. त्यांच्याखाली नवी कातडी धरत असते. कातडी शाबूत असेल तिथे कोरफडीचा गर किंवा साधं व्हॅसलीन चालतं. हळद, पेस्ट, शाई यांनी जखम घाण होते आणि डॉक्टरला ती नीट दिसतही नाही. पाणी भरपूर प्यावं. दोन-तीन दिवस तरी ती जागा झाकून ठेवावी, आणि खिडकीशीही बसू नये, कारण हे किरण साध्या काचेतून आत येतात.

मोठे फोड आले, ताप चढला, पू झाला, चेहरा किंवा डोळे पोळले, किंवा भाजलेलं लहान मूल असेल, तर तडक डॉक्टर गाठावा. तेल कोणतं, किती वेळ लावलं, हे त्यांना न लपवता सांगावं. पुष्कळजण नेमकं तेच गाळतात.

आणखी एक. कोड असलेल्या माणसाची कातडी जिथे भाजते, तिथे कधी कधी नवं कोड उठतं. त्या मुलीचं तसंच झालं. रुपयाएवढा डाग पावसाळा संपेपर्यंत तळहाताएवढा झाला होता.