अत्तर, अर्क आणि अरोमाथेरपी

• नैसर्गिक सुगंधकार: फुले, मुळे, लाकूड, राळ यांचेच अर्क वापरतो, कृत्रिम सुगंधी रसायने वर्ज्य.

• अत्तर: कनौजची (उत्तर प्रदेश) जुनी पद्धत. तांब्याच्या देगमध्ये (मोठ्या भांड्यात) फुले आणि पाणी, झाकण मातीने लिंपलेले. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात (वाफ गोळा करणाऱ्या भांड्यात) उतरते. तिथे आधीच ओतलेले चंदनाचे तेल सुगंध धरून ठेवते. भाजलेल्या मातीचे ‘मिट्टी अत्तर’ही असेच निघते.

• अ‍ॅब्सोल्यूट: निशिगंधासारख्या नाजूक फुलांचा द्रावकाने काढलेला अर्क.

• अरोमाथेरपी: फ्रेंच रसायनतज्ज्ञ रने-मोरिस गातफोसे यांच्या १९३७च्या पुस्तकाने सुगंधी तेलांच्या उपचारांसाठी हे नाव रुळले. तेले बहुतांशी नैसर्गिक सुगंधकार वापरतो तीच. सुगंधकार वास रचतो, उपचारक परिणाम पाहतो.

• प्रशिक्षण: कनौजचे फ्रॅग्रन्स अँड फ्लेवर डेव्हलपमेंट सेंटर (एफएफडीसी, स्थापना १९९१).

• खबरदारी: सुगंधी तेल पातळ न करता त्वचेवर लावू नये. बर्गमोट या लिंबूवर्गीय फळाचे तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजू शकते.