मातीचे आकुंचन व मापांचा हिशेब

ओली माती वाळताना तिच्यातील पाणी निघून जाते व कण एकमेकांजवळ येतात. भाजताना ती आणखी आवळते. हे आकुंचन प्रत्येक मातीचे निराळे असते. यास्तव भांडे व त्याचे झाकण एकाच मळलेल्या मातीचे करावे आणि त्या मातीचे आकुंचन आधी मोजून घ्यावे.

मातीकामाच्या तासाला विद्यार्थ्यांकडून मातीची पट्टी करवून तीवर १० सेंटिमीटरची रेघ ओढावी. पट्टी सावलीत वाळवून कुंभाराच्या भट्टीत भाजून घ्यावी व रेघ पुन्हा मोजावी. ती ९ सेंटिमीटर भरल्यास आकुंचन शेकडा १० झाले.

आता तयार भांड्याचे तोंड १८ सेंटिमीटर हवे असल्यास विद्यार्थी १८ मध्ये शेकडा १० मिळवून १९.८ हे माप घेतात. भाजल्यावर ते १७.८२ च भरते व झाकण बसत नाही. कारण आकुंचन ओल्या मापावर होते, तयार मापावर नव्हे. तयार माप ओल्या मापाच्या ९/१० असते. म्हणून १८ ला ९/१० ने भागून २० सेंटिमीटर घ्यावे.

शेकडेवारी कोणत्या संख्येवर काढावयाची, हे विद्यार्थ्यांना येथे हातातील भांड्यावरून पटते. सबब हा हिशेब गणिताच्या तासालाही अवश्य घ्यावा.